न पाहिलेल्या मालाची साक्ष

माझ्या टेबलावरून आजवर किती प्रकारचा माल परदेशी गेला, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पण त्यातला फारच थोडा मी डोळ्यांनी पाहिला आहे, एवढे मात्र खात्रीने सांगता येईल. मी एका निर्यात एजन्सीत सीमाशुल्काच्या घोषणापत्रासाठी माहिती तयार करण्याचे काम करते. ज्या कारखान्यांना स्वतःच्या नावाने निर्यात करण्याची सोय नसते, किंवा कागदपत्रांचा व्याप नको असतो, ते आमच्यासारख्यांमार्फत माल पाठवतात. माल त्यांचा, ग्राहक बहुधा त्यांनीच शोधलेला, भावही त्यांनीच ठरवलेला. घोषणापत्रावर निर्यातदार म्हणून नाव मात्र एजन्सीचे, आणि खाली सही आमची. ज्याने पेटी भरली तो बोलत नाही, आणि जो बोलतो त्याने ती उघडून पाहिलेली नाही, अशी ही विचित्र साक्ष असते. या कामातल्या जवळजवळ सगळ्या चुका मी त्या अंतरात घडलेल्या पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या काही माझ्याच आहेत.

सीमाशुल्क खाते हे अंतर मानत नाही. क्योटो करार म्हटले की लोकांना हवामान आठवते. पण सीमाशुल्काच्या कार्यपद्धतीचाही एक क्योटो करार आहे, १९७३ सालचा. तो १९९९ मध्ये सुधारला गेला आणि सुधारलेले रूप २००६ पासून अमलात आले. घोषणापत्र दाखल करणारा त्यातल्या तपशिलाच्या अचूकतेला जबाबदार राहील, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. ‘कारखान्याने आम्हांला असेच लिहून दिले होते’ हे वाक्य त्यामुळे खुलासा म्हणून चालते, बचाव म्हणून चालत नाही. मात्र त्याच करारात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले : घोषणापत्र दाखल करण्यापूर्वी घोषणा करणाऱ्याला माल पाहू द्यावा आणि त्याचे नमुनेही काढू द्यावेत. सुरुवातीची कित्येक वर्षे जबाबदारीचे वाक्य मला पाठ होते. पाहण्याची मुभा आपल्यालाही आहे, हे मात्र मनात उतरले नव्हते.

ते उतरले एका बाटलीमुळे.

एका कारखान्याच्या स्टीलच्या बाटल्या आमच्यामार्फत नियमित जात असत. बीजकावर ‘स्टेनलेस स्टील बॉटल’ असे वर्णन, सोबत पॅकिंग लिस्ट, आणि एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ७३२३ या शीर्षातला, म्हणजे लोखंड-पोलादाच्या घरगुती वस्तूंचा. पुढे एकदा त्यांची नवी खेप आली. वर्णन तेच, फक्त मॉडेलचा क्रमांक निराळा. मी मागच्या खेपेचे घोषणापत्र उघडले, संख्या आणि किंमत बदलली आणि ते पुढे पाठवले. तपासणीत एक पेटी उघडली गेली, आणि बाटलीच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असल्याचे दिसून आले. निर्वात पोकळीची बाटली पोलादाच्या प्रकरणात बसत नाही. तिच्यासाठी ९६१७ हे स्वतंत्र शीर्ष आहे, मग ती काचेची असो वा पोलादाची. घोषणापत्र दुरुस्त करण्यात, खुलाशाचे पत्र लिहिण्यात आणि ते पोचवण्यात जे दिवस गेले, त्यांत जहाज निघून गेले. कारखान्यातल्या व्यवस्थापकांना मी फोन केला तेव्हा ते प्रामाणिकपणे गोंधळून म्हणाले, “अहो, पण बाटलीच आहे ना ती?” त्यांचे काहीच चुकले नव्हते. ती बाटलीच होती. चूक अशी होती की त्यांनी पाठवलेले माहितीपत्रक माझ्याकडे आधीपासून पडून होते, आणि त्यात ‘पाणी बारा तास गरम राहते’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. एका भिंतीच्या बाटलीत पाणी बारा तास गरम कसे राहील, एवढा प्रश्न मला पडला असता तरी पुढचे सारे टळले असते.

तेव्हापासून मी वस्तूच्या नावावर विश्वास ठेवणे सोडून दिले. नाव विकणाऱ्याच्या सोयीचे असते. वर्गीकरणाला हवे असते ते वस्तू कशाची आहे, काय काम करते आणि कोणत्या अवस्थेत पाठवली जात आहे, हे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण सीमाशुल्काच्या कारकुनासाठीच रचली असावी असे मला कधीकधी वाटते, कारण वाळा सोन्याचा की कथलाचा, की कथलावर सोन्याचा मुलामा दिलेला, हाच आमचा दिवसभराचा प्रश्न. मुलामा असेल तर आणखी विचारावे लागते : नुसता विजेने चढवलेला पातळ थर आहे, की मौल्यवान धातूचा पत्रा खालच्या धातूवर जडवला आहे? या दोन गोष्टींना वर्गीकरणात एकच वागणूक मिळत नाही.

एचएस पद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. जगात दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश तिच्या आधारे मालाला अंक देतात. पहिले दोन अंक प्रकरणाचे, पुढचे दोन शीर्षाचे, त्यापुढचे दोन उपशीर्षाचे. एवढे सहा अंक सगळीकडे समान, आणि त्यापुढचे ज्या त्या देशाचे. प्रकरणांचे क्रमांक ९७ पर्यंत जातात, पण ७७ वे प्रकरण पुढे कधी लागेल म्हणून मोकळे ठेवले आहे. जगातल्या यच्चयावत वस्तूंना घरे वाटून झाल्यावरही एक घर रिकामे ठेवण्याची ही वृत्ती मला फार आवडते, आणि एखादी चमत्कारिक वस्तू समोर आली की तिला तिकडे पाठवून मोकळे व्हावे असा मोहही होतो. तो मोह आवरून वाचायच्या असतात त्या विभागांच्या आणि प्रकरणांच्या टिपा. वर्गीकरणाच्या सहा सर्वसाधारण नियमांतला पहिलाच नियम सांगतो की प्रकरणांची नावे केवळ संदर्भासाठी आहेत. निर्णय शीर्षाच्या शब्दांवरून आणि या टिपांवरून करायचा. पण नवखा माणूस नेमके उलटे करतो. तो नावे वाचतो आणि टिपा सोडून देतो, कारण टिपा कंटाळवाण्या दिसतात.

त्या कंटाळवाण्या नाहीत, हे मला कपड्यांनी शिकवले. सदरा फासांत फास गुंफून विणलेल्या कापडाचा, म्हणजे निटेड असेल, तर प्रकरण ६१. मागावरच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडाचा असेल तर ६२. इतके बहुतेकांना माहीत असते. पण तो पुरुषांचा की स्त्रियांचा, हे पेटीवरच्या छापील चित्रावरून ठरत नाही. टीप सांगते की पुढून बंद होणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा किंवा मुलग्यांचा मानावा, आणि उजवी डावीवर येत असेल तर स्त्रियांचा किंवा मुलींचा. बेतावरून तो उघडउघड दुसऱ्यासाठी असल्याचे दिसत असेल तरच हा निकष बाजूला ठेवावा. मी एका शिवणकामाच्या कारखान्याला जेव्हा प्रथम विचारले की कोणती बाजू वर येते, तेव्हा पलीकडे काही वेळ शांतता होती. मग कोणीतरी स्वतःच्या अंगातल्या सदऱ्याकडे पाहून उत्तर द्यायला निघाले, आणि मला ‘तुमचा नको, पेटीतला पाहा’ असे सांगावे लागले.

आता वजनाविषयी. वजनाचे खोटे आकडे लबाडीतून क्वचितच येतात. बहुधा ते आळसातून येतात. पॅकिंग लिस्टवर प्रत्येक पेटी अचूक १२ किलोंची असेल, लहान मापाच्या मालाचीही आणि मोठ्या मापाच्या मालाचीही, तर ती काट्यावर चढलेलीच नाही असे मी समजते. खरे वजन कधी इतके सुबक नसते. १ जुलै २०१६ पासून समुद्रमार्गे जाणाऱ्या भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन जहाजात चढवण्यापूर्वी देणे सक्तीचे झाले. ते काढण्याच्या दोन रीती आहेत : भरलेला कंटेनर सरळ काट्यावर घ्यावा, किंवा आतल्या प्रत्येक गोष्टीचे वजन करून त्यात रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवावे. या सक्तीने आमच्यासारख्यांना नकळत आरसा मिळाला, कारण आता पॅकिंग लिस्टची बेरीज दुसऱ्या एका आकड्याशी ताडून पाहता येते. एका खेपेत हा फरक ४०० किलोंचा निघाला. माल बरोबर होता, पेट्या बरोबर होत्या. २० लाकडी पॅलेट, प्रत्येकी सुमारे २० किलोंचे, कोणी धरलेच नव्हते. घोषणापत्रातल्या ग्रॉस वजनात पॅलेट धरायचे की नाही, याचा नियम ज्या त्या ठिकाणी पाहावा लागतो. पण समोरचा आकडा त्यांच्यासह आहे की त्यांच्यावाचून, हे आपल्याला ठाऊक नसेल तर नियम माहीत असून उपयोग नाही. मी आता वजनाचे तीन आकडे वेगवेगळे मागते : नुसत्या मालाचे, पेटीसकट मालाचे, आणि पॅलेटचे. पेटीसकट माल आणि पॅलेट यांची बेरीज मी करते. कारखान्याकडून बेरीज घेत नाही.

टिंब आणि स्वल्पविराम यांनीही मला रडवले आहे. काही देशांत दशांश स्वल्पविरामाने दाखवतात आणि हजार टिंबाने; त्यामुळे १.२५० हा आकडा कुणासाठी सव्वा तर कुणासाठी बाराशे पन्नास असतो. एककाचेही तसेच. हातमोजे जोडीने मोजायचे असताना नगाने मोजले तर ५०० चे १००० होतात, आणि पुढे किंमत नगावरून भागली की दर निम्मा दिसू लागतो. मग अधिकाऱ्याला किमतीचा संशय येतो, आणि चूक एका रकान्यात झालेली असताना उत्तर दुसऱ्याच रकान्याचे द्यावे लागते.

किमतीच्या रकान्यात माणसे सर्वांत जास्त गप्प होतात. आकडा आणि चलन सांगून त्यांना वाटते की झाले. पण ती किंमत कुठपर्यंतची आहे, हे सांगितल्याशिवाय आकडा अपुरा असतो. माल जहाजावर चढेपर्यंतची, की त्यात भाडे आणि विमाही आला? आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या इन्कोटर्म्सच्या २०२० च्या आवृत्तीत अशा ११ अटी आहेत. कारखान्यांची आवडती अट म्हणजे ईएक्सडब्ल्यू, ‘आमच्या दारातून उचला’, कारण तिच्यात आपल्याला काही करावे लागत नाही असे त्यांना वाटते. त्या अटीत निर्यातीची सीमाशुल्क मंजुरी घेणे हे खरे तर खरेदीदाराचे काम. आणि खरेदीदार तर परदेशात बसलेला! एजन्सीने निर्यातदार म्हणून सही करायची आणि करारात मंजुरीची जबाबदारी खरेदीदाराची, ही विसंगती एकाच फाइलमध्ये ठेवण्यापेक्षा मी एफसीए सुचवते, ज्यात ही मंजुरी विकणाऱ्याकडे असते. हे सांगितल्यावर काही जण मला त्यांच्या व्यापारात नाक खुपसणारी समजतात. खुपसते खरी.

फुकट पाठवलेल्या नमुन्यांची किंमत शून्य लिहून चालत नाही. त्यांचे पैसे कोणी देणार नसले तरी त्या वस्तूला मोल आहे, आणि ते प्रामाणिकपणे लिहून ‘केवळ सीमाशुल्कासाठी’ असा शेरा मारावा लागतो. याहून अवघड असते बीजकात कधीच न येणारे मोल. ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने साचा करून दिला आणि त्या साच्यातून काढलेले भाग त्याला स्वस्तात दिले, तर बीजक खरे असूनही अपुरे ठरते. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकनाच्या करारानुसार खरेदीदाराने फुकट पुरवलेल्या साच्याचे योग्य तेवढे मोल आयातीच्या किमतीत मिळवावे लागते. हा हिशोब पलीकडच्या देशात व्हायचा असतो. तरी मी तो प्रश्न इथेच विचारून नोंदून ठेवते, कारण दोन वर्षांनी विचारणा झाली तर कारखान्यात त्या साच्याची आठवण असलेला माणूस राहिलेला नसतो.

दडपणाविषयी लिहिले नाही तर हे लिखाण खोटे ठरेल. ग्राहक कळवतो, ‘घोषणापत्रात अमुक कोड घाला’. कारण त्याच्याकडे त्या कोडवर कर कमी आहे. कारखाना म्हणतो, ग्राहक देव आहे. मी ग्राहकाने दिलेला कोड हा एक सुगावा मानते. पहिले सहा अंक माझ्या निष्कर्षाशी जुळले तर उत्तम, आणि शेवटचे अंक न जुळणे साहजिकच आहे. सहा अंकांतच फरक असेल तर मी कारण विचारते, आणि पुष्कळदा असे निघते की त्याला मालाविषयी मला नसलेली माहिती आहे. काही वेळा कारण येतच नाही. अशा वेळी मी मला पटलेला कोड लिहिते, आणि त्यापायी दोन कारखाने आम्हांला सोडून गेले आहेत.

मालाच्या वर्णनाचे आणखी एक त्रांगडे आहे. पतपत्रावर, म्हणजे बँकेने पैसे देण्याची हमी घेतलेल्या पत्रावर (लेटर ऑफ क्रेडिट) व्यवहार असेल तर बँकेला बीजकावरचे वर्णन पतपत्राशी जुळणारे हवे असते. पतपत्रांसाठी २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमावलीत तसा नियमच आहे. आणि पतपत्रात लिहिलेले असते ‘किचन अॅक्सेसरीज’. बँक या दोन शब्दांवर खूश, सीमाशुल्क या दोन शब्दांवर नाखूश. यावर भांडून उपयोग नसतो. मी पतपत्रातले शब्द जसेच्या तसे आधी ठेवते आणि त्यांच्यापुढे पदार्थ, उपयोग आणि मॉडेल जोडते; जोडलेले शब्द आधीच्यांना खोडत नाहीत याची काळजी घेतली की दोघांचेही समाधान होते. मात्र ही ओळ बीजक, पॅकिंग लिस्ट आणि घोषणापत्र या तिन्हींवर अक्षरशः एकच हवी. एकाच वस्तूची तीन कागदांवर तीन नावे दिसली, की तपासणाऱ्याला त्या तीन वस्तू वाटू लागतात.

या सगळ्यातून माझा प्रश्नांचा कागद बदलत गेला. पूर्वी मी कारखान्याला रिकामा तक्ता पाठवत असे : नाव, कोड, वजन, किंमत, मूळ देश. तो भरून येई, आणि त्यात मागच्या खेपेची उत्तरे असत. आता त्यात कोडचा रकानाच नाही, कारण पेटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला कोड माहीत असण्याचे कारण नाही. त्याला डोळे आहेत, हात आहेत आणि काटा आहे, तेव्हा मी त्याला त्यांनी उत्तर देता येईल असे विचारते. वस्तू कशाची आहे, आणि एकाहून अधिक पदार्थ असतील तर कोणता किती? ती विजेवर चालते का? बॅटरी आहे का, असल्यास लिथियमची आहे का, आणि ती वस्तूच्या आत बसवलेली आहे की वेगळी? वस्तू पूर्ण जोडलेली जाते की सुट्या भागांत? इथे काय बनले आणि दुसऱ्या देशातून आणून फक्त भरले गेले काय? शेवटचा प्रश्न मूळ देशाचा आहे, पण तो तसा विचारला तर उत्तर नेहमी माल जिथून निघतो त्या देशाचे येते. ‘भरले’ हे क्रियापद वापरल्यावरच खरे बाहेर पडते, कारण नुसते भरल्याने वस्तूचे मूळ बदलत नाही. सोबत मी तीन छायाचित्रे मागते : बंद पेटीचे, उघड्या पेटीचे, आणि काट्याच्या आकड्यासकट पेटीचे. तिसरे छायाचित्र मागायला लागल्यापासून सुबक वजने कमी झाली आहेत.

आज समोर एक फाइल आहे. ‘किचन सेट’ एवढेच वर्णन. त्यात पोलादाचा चमचा, लाकडी उलथने, सिलिकॉनचा झारा आणि ते अडकवायचा एक स्टँड आहे, असे चौकशीअंती कळले. हे सगळे एकाच खोक्यात, किरकोळ विक्रीसाठी संच म्हणून बांधलेले असेल, तर वर्गीकरणाच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे संचाला त्याचे मुख्य स्वरूप देणारी वस्तू कोणती ते ठरवून एकच कोड लावता येईल. चार वस्तू चार वेगळ्या पेट्यांत भरून तिकडे जुळवायच्या असतील, तर कोडही वेगवेगळे आणि वजनेही वेगवेगळी. बीजकावरून हे कळत नाही. सकाळी फोन केला, तर तिकडचा मुलगा म्हणाला की संचच असणार, नाव सेट आहे ना. मी त्याला उघड्या पेटीचे छायाचित्र मागितले. गोदामाची किल्ली दुसऱ्याकडे आहे आणि तो जेवायला गेला आहे. घोषणापत्राचा मसुदा पडद्यावर उघडा आहे, वर्णनाचा रकाना मोकळा आहे, आणि मी किल्लीवाल्याची वाट पाहत आहे.